निनावी डेटा प्रकाशित करताना: खासगीपणा आणि उपयुक्तता यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लोकांची माहिती गोळा करणाऱ्या प्रत्येक संस्थेपुढे कधी ना कधी हा प्रश्न येतो: आपल्याकडचा डेटा इतरांच्या उपयोगी पडणार असेल तर तो खुला करावा का, आणि करायचा तर कसा? पुढची उत्तरं हे काम प्रत्यक्ष करणाऱ्यांसाठी आहेत, मग ते रुग्णालयात असोत, विद्यापीठात, सरकारी खात्यात किंवा सर्वेक्षण करणाऱ्या संस्थेत. गणिताची पार्श्वभूमी लागणार नाही. जिथे आकडेमोड आली आहे तिथे ती कागदावर करून पाहता येईल एवढीच आहे.

नाव, पत्ता, फोन नंबर काढून टाकले. आता डेटा निनावी झाला ना?

नाही. या विषयातली ही सगळ्यात जुनी आणि सगळ्यात महागात पडणारी समजूत आहे.

1990च्या दशकाच्या मध्याला अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात सरकारी कर्मचाऱ्यांचा विमा सांभाळणाऱ्या आयोगाने त्यांच्या उपचारांच्या नोंदी संशोधकांना दिल्या. नावं आणि पत्ते काढलेले होते. जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड तसेच ठेवले होते, कारण त्यांच्याशिवाय आरोग्याचा अभ्यास लंगडा पडतो. तेव्हा एमआयटीत शिकणाऱ्या लटान्या स्वीनी यांनी केंब्रिज शहराची मतदारयादी 20 डॉलरला विकत घेतली आणि दोन्ही याद्या ताडून पाहिल्या. राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांच्या जन्मतारखेचे सहा मतदार निघाले. त्यांतले तीन पुरुष. त्यांच्या पिनकोडात राहणारा फक्त एक. गव्हर्नरांच्या उपचारांची नोंद हाताशी आली.

स्वीनी यांनी नंतर 1990च्या जनगणनेवरून अंदाज काढला, की पाच अंकी पिनकोड, लिंग आणि पूर्ण जन्मतारीख एवढ्यावर अमेरिकेतले 87 टक्के लोक वेगळे ओळखता येतात. फिलिप गोल यांनी 2006 मध्ये 2000च्या जनगणनेवर तोच हिशेब केला तेव्हा आकडा 63 टक्के आला. कोणताही आकडा धरा, निम्म्याहून जास्त लोक तीन साध्या रकान्यांत एकटे पडतात.

या प्रकरणात एक बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे. ओळख आयोगाच्या फाइलमध्ये नव्हतीच, ती मतदारयादीत होती. तुम्ही प्रकाशित केलेली फाइल निनावी राहते की नाही हे तिच्या बाहेर काय काय उपलब्ध आहे यावर ठरतं, आणि ते तुमच्या हातात नसतं.

नावाऐवजी कोड टाकला, किंवा हॅश केलं, तर?

कोड टाकल्याने एकाच माणसाच्या सगळ्या नोंदी एकत्र बांधलेल्या राहतात. अभ्यासकाला तेच हवं असतं, आणि ओळख शोधणाऱ्यालाही.

हॅशबद्दल, म्हणजे ठरलेल्या सूत्राने मजकुराची निरर्थक दिसणारी अक्षर-अंकांची ओळ करण्याबद्दल, तर विशेष सावध राहावं. न्यूयॉर्कमधल्या टॅक्सींच्या 2013 सालच्या सुमारे 17.3 कोटी फेऱ्यांचा डेटा माहितीच्या अधिकाराखाली दिला गेला. टॅक्सीचा परवाना क्रमांक एमडी5 पद्धतीने हॅश केलेला होता. पण टॅक्सी क्रमांकाचा साचा ठरलेला असतो: इतके अंक, इतकी अक्षरं, या क्रमाने. त्या साच्यात बसणाऱ्या सगळ्या क्रमांकांची यादी करणं आणि प्रत्येकाचा हॅश काढून जुळवणं साध्या संगणकाला सहज जमतं. 2014 मध्ये एका सॉफ्टवेअर अभियंत्याने नेमकं तेच केलं आणि सगळे क्रमांक उघडे झाले. मग प्रसिद्ध व्यक्ती टॅक्सीत बसतानाचे छापून आलेले फोटो आणि त्या फेऱ्या यांची सांगड घालून कोण कुठे गेलं, किती भाडं दिलं, हेही लोकांनी काढलं.

फोन नंबर, आधार क्रमांक, गाडीचा नंबर, कर्मचारी क्रमांक या सगळ्यांना ठरलेला साचा असतो. म्हणून प्रकाशनासाठी यांचा साधा हॅश कधीही वापरू नका. एकाच माणसाच्या नोंदी जोडलेल्या ठेवणं खरोखर गरजेचं असेल तर यादृच्छिक क्रमांक द्या आणि तो कुणाचा हे सांगणारी यादी नष्ट करा.

पण एवढा खटाटोप करून सामान्य माणसाला शोधायला कुणाला वेळ आहे?

एओएल या अमेरिकन इंटरनेट कंपनीने 2006 मध्ये सुमारे साडेसहा लाख वापरकर्त्यांनी इंटरनेटवर केलेले दोन कोटी शोध संशोधनासाठी प्रसिद्ध केले. प्रत्येकाला नावाऐवजी एक क्रमांक होता. काही दिवसांतच न्यूयॉर्क टाइम्सच्या बातमीदारांनी 4417749 या क्रमांकामागची व्यक्ती शोधून तिचं दार ठोठावलं. ती एक वयस्कर विधवा बाई होती. तिच्या शोधांमध्ये तिच्या गावाचं नाव होतं, तिच्या आडनावाची माणसं होती, आणि मैत्रिणींच्या आजारांबद्दलच्या चौकशा होत्या.

बातमीदार हे तरी परके. खरा धोका बहुतेक वेळा ओळखीच्या माणसाकडून असतो: विभक्त झालेला जोडीदार, शेजारी, नोकरी देणारा, विमा कंपनी. तुम्ही अमुक महिन्यात रुग्णालयात होता, तुम्हाला तीन मुलं आहेत, तुमचं वय किती, हे त्यांना आधीच ठाऊक असतं. त्यांना लाखभर लोक ओळखायचे नसतात, एकच माणूस हवा असतो.

कोणते रकाने धोक्याचे, हे कसं ठरवायचं?

प्रत्येक रकान्याला तीन प्रश्न विचारा. ही गोष्ट माणसाच्या बाबतीत बराच काळ तशीच राहते का? ती दुसऱ्या कुठल्या यादीत सापडते का? ओळखीच्या माणसाला ती न विचारता माहीत असते का? जन्मतारीख तिन्हींत बसते. रक्तदाबाचं एका दिवसाचं मोजमाप एकातही बसत नाही.

पाठ्यपुस्तकी पद्धत रकान्यांचे तीन ढीग करते: थेट ओळख देणारे (नाव, फोन नंबर), आडून ओळख देणारे (जन्मतारीख, पिनकोड) आणि संवेदनशील (आजार, पगार). सुरुवातीला ही विभागणी कामाला येते, पण तिच्यावर विसंबू नका. नेटफ्लिक्सने 2006 मध्ये सुमारे 4 लाख 80 हजार ग्राहकांनी चित्रपटांना दिलेले 10 कोटी गुण स्पर्धेसाठी खुले केले. त्यात वय, लिंग, गाव काहीच नव्हतं, होते ते फक्त चित्रपट, गुण आणि तारखा. अरविंद नारायणन आणि विताली श्मातिकोव्ह यांनी दाखवलं, की एखाद्याने गुण दिलेले आठ चित्रपट आणि त्यांच्या तारखा माहीत असल्या, त्यातले दोन चुकीचे असले आणि तारखांमध्ये 14 दिवसांपर्यंत फरक असला, तरी 99 टक्के नोंदी एकमेव ठरतात. इथे आवडीनिवडी हीच संवेदनशील माहिती होती आणि तीच ओळखही होती. एका माणसाबद्दल पुष्कळ बारीक गोष्टी नोंदलेल्या असतील तर प्रत्येक रकाना ओळख देणारा समजूनच पुढे जावं. खटला आणि सरकारी चौकशीनंतर नेटफ्लिक्सने 2010 मध्ये दुसरी स्पर्धा रद्द केली.

के-अनामिकता म्हणजे काय? के = 5 ठेवला की पुरतं का?

ही कल्पना पिएरान्जेला सामाराती आणि लटान्या स्वीनी यांनी 1998 मध्ये मांडली. के हा आपण ठरवलेला आकडा. आडून ओळख देणाऱ्या रकान्यांपुरतं पाहिलं तर कमीत कमी के नोंदी, प्रत्येक नोंद स्वतः धरून, एकसारख्या दिसल्या पाहिजेत. त्यासाठी जन्मतारखेचं वर्ष करायचं, वर्षाचा वयोगट करायचा, पिनकोडाचे शेवटचे अंक झाकायचे, आणि तरीही एकटी उरलेली नोंद वगळायची.

समजा तुमच्या फाइलमध्ये 40 ते 49 वयाच्या, एकाच तालुक्यातल्या पाच स्त्रिया आहेत. के = 5 झालं. पण त्या पाचही जणींच्या निदानाच्या रकान्यात क्षयरोग लिहिलेला असेल तर? त्या गटातली एखादी बाई फाइलमध्ये आहे एवढं ज्याला ठाऊक आहे त्याला तिची नोंद कोणती हे शोधावंच लागत नाही. ही फट बुजवण्यासाठी 2006 मध्ये एल-विविधता आली: गटातल्या संवेदनशील मूल्यांमध्येही पुरेसं वैविध्य हवं. पण निदानं वेगवेगळी असून सगळी एकाच अवयवाच्या कर्करोगाची असतील तर? म्हणून 2007 मध्ये टी-समीपता आली: गटातली टक्केवारी एकूण टक्केवारीपासून फार दूर नको. प्रत्येक दुरुस्तीगणिक डेटा आणखी जाडाभरडा होत जातो.

त्यातही के-अनामिकता एका वेळी एकाच फाइलचा विचार करते. दोन रुग्णालयांनी आपापली फाइल नीट तयार केली आणि एक रुग्ण दोन्हीकडे गेलेला असेल, तर दोन्ही गटांत सामाईक असलेलं निदान कोणतं एवढं पाहिलं तरी उत्तर मिळू शकतं. माझ्या मते के-अनामिकता ही किमान पायरी आहे. ती असावीच, पण तिच्या भरवशावर संवेदनशील माहिती सगळ्या जगासाठी खुली करू नये.

ठिकाण आणि वेळ यांचा डेटा?

सगळ्यात अवघड. इव्ह-अलेक्झांडर द मोंजोय आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये 15 लाख लोकांच्या 15 महिन्यांच्या मोबाइल नोंदी तपासल्या. तासाच्या आणि मोबाइल टॉवरच्या अचूकतेने चार ठिकाणं-वेळा कळल्या तर 95 टक्के लोक एकमेव ठरत होते. अचूकता कमी केली तरी फार फरक पडत नव्हता. घर आणि कामाची जागा हेच मुळात दोन बिंदू झाले, आणि ते तुमच्या सहकाऱ्याला माहीत असतात.

माणूसवार मार्ग देऊ नका. ‘सकाळी आठ ते नऊ या वेळात या भागातून त्या भागात इतक्या फेऱ्या’ अशी बेरीज वाहतुकीच्या बहुतेक प्रश्नांना पुरते. बेरजेतही जपावं लागतं. स्ट्राव्हा या व्यायामाच्या ॲपने नोव्हेंबर 2017 मध्ये धावणाऱ्यांचा जागतिक नकाशा प्रसिद्ध केला. त्यात कुणाचंही नाव नव्हतं, तरी जानेवारी 2018 मध्ये लोकांच्या लक्षात आलं, की ओसाड प्रदेशातल्या उजळ रेषा म्हणजे लष्करी तळांवर रोज धावणारे सैनिक आहेत.

मग फक्त बेरजा आणि सरासऱ्या दिल्या तर प्रश्न मिटतो का?

पुष्कळसा मिटतो, पण पूर्ण नाही. एका विभागात मार्चमध्ये 11 कर्मचारी होते आणि सरासरी पगार 50,000 रुपये होता. एप्रिलमध्ये एक जण सोडून गेला आणि उरलेल्या 10 जणांची सरासरी 48,000 झाली. 11 गुणिले 50,000 म्हणजे 5,50,000. त्यातून 4,80,000 वजा केले की उरतात 70,000. सोडून गेलेल्याचा पगार कळला. दोन्ही तक्ते वेगवेगळे पाहिले तर निरुपद्रवी आहेत.

हेच मोठ्या प्रमाणावर करता येतं. इरित दिनूर आणि कोबी निस्सिम यांनी 2003 मध्ये सिद्ध केलं, की एकाच डेटावर पुरेसे प्रश्न विचारले आणि त्यांची उत्तरं फार अचूक मिळाली, तर मूळ डेटाचा बहुतांश भाग पुन्हा उभा करता येतो. जनुकीय संशोधनाला याचा धक्का 2008 मध्ये बसला. शेकडो लोकांच्या जनुकीय खुणांच्या नुसत्या सरासऱ्यांवरूनही, एखाद्या माणसाचा नमुना हाताशी असेल तर तो त्या गटात होता की नाही हे सांगता येतं, असं तेव्हा दिसलं. तो गट रुग्णांचा असेल तर ‘होता’ या एका शब्दात त्याचा आजार कळतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने त्यानंतर अशा सरासऱ्या सार्वजनिक ठिकाणावरून काढून घेतल्या.

डिफरन्शियल प्रायव्हसी सोप्या शब्दांत सांगाल?

सुरुवात एका जुन्या युक्तीपासून करू. लोक ज्या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायला कचरतात तो विचारायचा कसा, यावर स्टॅन्ली वॉर्नर यांनी 1965 मध्ये उपाय सुचवला. आज शिकवतात ते त्याचं सोपं रूप असं: उत्तर देणाऱ्याने एकांतात नाणं उडवावं. छापा पडला तर खरं उत्तर द्यावं. काटा पडला तर पुन्हा उडवावं, आणि छाप्याला ‘हो’, काट्याला ‘नाही’ म्हणावं. आता कुणी ‘हो’ म्हटलं तरी ते नाण्याचं उत्तर असू शकतं, त्यामुळे त्या माणसावर बोट ठेवता येत नाही. एकूण चित्र मात्र हाती लागतं. 1,000 जणांना विचारलं आणि 350 ‘हो’ आले, तर त्यातले साधारण 250 नाण्याचे. उरले 100, आणि ते खरं बोललेल्या 500 जणांपैकी. म्हणजे प्रमाण साधारण 20 टक्के.

सिंथिया ड्वर्क, फ्रँक मॅकशेरी, कोबी निस्सिम आणि ॲडम स्मिथ यांनी 2006 मध्ये या विचाराला काटेकोर व्याख्या दिली, तीच डिफरन्शियल प्रायव्हसी. तुमची नोंद डेटात असो वा नसो, बाहेर पडणारं उत्तर जवळपास सारख्याच शक्यतेने यायला हवं. ते साधण्यासाठी उत्तरात मोजून-मापून यादृच्छिक चूक मिसळतात, तिला नॉइज म्हणतात. ‘जवळपास’ म्हणजे किती, हे एप्सिलॉन नावाचा आकडा ठरवतो: लहान एप्सिलॉन म्हणजे जास्त खासगीपणा आणि जास्त नॉइज. वरच्या नाण्याच्या युक्तीत तो साधारण 1.1 येतो.

या पद्धतीचा मोठा गुण असा, की समोरच्याकडे दुसऱ्या कोणत्या याद्या आहेत किंवा उद्या कोणत्या येतील याचा अंदाज बांधावा लागत नाही. शिवाय प्रत्येक उत्तरामागे किती खासगीपणा खर्च झाला याचा हिशेब ठेवता येतो, त्यामुळे दहावा तक्ता प्रसिद्ध करताना आधीचे नऊ विसरले जात नाहीत.

मग एप्सिलॉन किती ठेवायचा?

याचं उत्तर गणितात नाही. तुमच्या लोकांना किती धोका पत्करायला लावायचा आणि त्याच्या बदल्यात समाजाला किती अचूक माहिती द्यायची, याचा तो निर्णय आहे, आणि तो निर्णय घेणाऱ्याने त्याची जबाबदारीही घ्यावी.

नॉइजचा परिणाम पाहा. एखादी संख्या मोजताना एप्सिलॉन 0.1 ठेवला तर प्रचलित पद्धतीत सरासरी 10 ची चूक पडते. 12,000 मध्ये 10 चा फरक कुणाच्या लक्षातही येणार नाही. 12 मध्ये 10 चा फरक पडला तर आकडा 2 ही दिसेल, 22 ही दिसेल. एप्सिलॉन 1 केला तर सरासरी चूक 1 वर येते.

अमेरिकेच्या जनगणना विभागाने 2020च्या जनगणनेत ही पद्धत वापरली. मतदारसंघांच्या फेररचनेसाठीच्या तक्त्यांचा एकूण एप्सिलॉन 19.61 ठरला. तो अनेक तक्त्यांत आणि भौगोलिक पातळ्यांत विभागलेला होता. राज्यांची एकूण लोकसंख्या नॉइजविना जशीच्या तशी दिली. तज्ज्ञांपैकी काहींना 19.61 फार मोठा वाटला, म्हणजे खासगीपणाची हमी कमकुवत. लहान भागांचे आकडे वापरणाऱ्यांना नॉइज फार वाटला. पण आकडा जाहीर झाला होता, पद्धत उघड होती आणि वाद त्या आकड्यावर झाला. मला हे जुन्या, गुप्तपणे आकडे बदलण्याच्या पद्धतींपेक्षा कितीतरी चांगलं वाटतं.

एवढं सगळं केल्यावर डेटात काही उरतं का?

ही शंका अगदी रास्त आहे, आणि खासगीपणाच्या बाजूने बोलणारे तिला अनेकदा पुरेसं महत्त्व देत नाहीत. जस्टिन ब्रिकेल आणि श्मातिकोव्ह यांनी 2008 मध्ये दाखवलं, की रकाने जाडेभरडे करण्याच्या पद्धतींत थोडासा खासगीपणा मिळवायलाही डेटाची उपयुक्तता जवळजवळ सगळी घालवावी लागते. 2014 मध्ये एका संशोधनाने आणखी गंभीर गोष्ट पुढे आणली. वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं औषध. त्याचा डोस माणसागणिक बदलतो, आणि तो चुकला तर रक्तस्राव किंवा पक्षाघात होऊ शकतो. डोस सुचवणारं मॉडेल डिफरन्शियल प्रायव्हसीने तयार केलं, तेव्हा रुग्णांची जनुकीय माहिती झाकण्याइतका नॉइज घातल्यावर सिम्युलेशनमध्ये रुग्णांच्या मृत्यूचा धोका वाढलेला दिसला. खासगीपणा जपताना होणारं नुकसानही माणसांचंच असतं.

म्हणून ‘उपयुक्तता’ मोघम मोजू नका. या डेटावर कोण, कोणता प्रश्न सोडवणार आहे ते आधी लिहून काढा. मग तो प्रश्न मूळ डेटावर आणि बदललेल्या डेटावर, दोन्हींवर सोडवून पाहा. लसीकरणाचं प्रमाण तालुक्यागणिक किती बदलतं हे पाहायचं असेल तर जन्मतारखेची गरज नाही, वयोगट पुरतो. मुलाला लस ठरलेल्या आठवड्यात मिळाली का हे पाहायचं असेल तर वयोगट निरुपयोगी ठरतो. तेव्हा ‘जन्मापासून किती आठवड्यांनी’ असा नवा रकाना काढून द्या, जन्मतारीख आणि लसीची तारीख दोन्ही गाळा. अभ्यासकाला हवं ते मिळालं आणि ओळख देणाऱ्या दोन तारखा गेल्या. प्रश्न माहीत असेल तर अशा वाटा पुष्कळदा निघतात.

आणि काय बदललं ते सांगा. अमेरिकेच्या 2000च्या जनगणनेतल्या नमुना फायलींमध्ये ओळख लपवण्यासाठी वयात बदल करताना प्रक्रिया चुकली. 65 वर्षांवरच्या वयांमध्ये स्त्री-पुरुषांचे अंदाज विभागाच्याच छापील तक्त्यांशी जुळेनासे झाले, काही वयांत 15 टक्क्यांपर्यंत. संशोधकांनी ही चूक 2010 मध्ये उघड केली. मधल्या काळात त्या फायलींवर वृद्धांबद्दलचे अभ्यास होत राहिले.

लहान गटांचं काय करायचं?

या साऱ्या विषयाचा गाभा माझ्या दृष्टीने इथे आहे.

ज्याची ओळख पटकन पटते तो माणूस विरळा असतो: दुर्मीळ आजाराचा रुग्ण, वस्तीतलं त्या समाजाचं एकच कुटुंब, नव्वदी पार केलेली बाई, त्या अभ्यासक्रमातली एकटी अपंग विद्यार्थिनी. खासगीपणाच्या पद्धती नेमक्या याच लोकांना आधी वगळतात, झाकतात किंवा नॉइजमध्ये बुडवतात. आणि डेटा प्रसिद्ध होण्याचा सगळ्यात जास्त फायदाही यांनाच व्हायचा असतो, कारण बहुसंख्यांच्या गरजा डेटाविनाही दिसतात. तक्त्यात ‘5 पेक्षा कमी’ असं लिहिलेली जागा निधीच्या मागणीत रिकामी राहते.

म्हणजे ‘खासगीपणा एका पारड्यात, उपयुक्तता दुसऱ्या’ असं जे चित्र रंगवतात ते अपुरं आहे. दोन्ही बाजूंची किंमत बरेचदा तीच माणसं मोजतात.

यावर सरसकट उपाय नाही, पण वाटा आहेत. भूगोल बारीक ठेवायचा असेल तर काळ रुंद करा: एका वर्षातले तीन रुग्ण दाखवता येत नसतील तर दहा वर्षांचे मिळून दाखवता येतील. काळ बारीक हवा असेल तर भूगोल रुंद करा. वेगवेगळ्या वाचकांसाठी दोन तक्ते काढायचे असतील तर ते एकमेकांतून वजा करता येत नाहीत ना, हे तपासा. जो तपशील खुला करताच येत नाही तो नियंत्रित प्रवेशाखाली, म्हणजे फक्त परवानगी दिलेल्या अभ्यासकांना, द्या.

शिवाय त्या गटाला विचारा. काही रुग्णसंघटना स्वतःहून जास्त तपशील खुला करायला तयार असतात, कारण उपचार नसणं हा त्यांच्यासाठी मोठा धोका असतो. काही समाज एवढासाही तपशील नको म्हणतात, कारण आपल्याबद्दलच्या आकड्यांचा वापर आपल्याचविरुद्ध झालेला त्यांनी पाहिलेला असतो. आदिवासी समाजांच्या डेटासाठी 2019 मध्ये मांडलेली ‘केअर’ तत्त्वं याच हक्कावर उभी आहेत: डेटाचा लाभ त्या समाजाला व्हावा आणि त्यावरचं नियंत्रण त्याच्याकडे असावं. हा निर्णय कार्यालयात बसून त्यांच्या वतीने घेऊ नये.

सिंथेटिक डेटा वापरला तर?

मूळ डेटावरून मॉडेल शिकवून त्यातून काल्पनिक माणसं तयार करायची, ही कल्पना चांगली आहे. प्रोग्राम लिहून पाहायला, विद्यार्थ्यांना शिकवायला असा डेटा उत्तम. पण मॉडेलने विरळ नोंदी जवळजवळ पाठ केल्या असतील तर त्या काल्पनिक नावाखाली बाहेर पडतात. आणि मॉडेल तयार करणाऱ्याने ज्या संबंधांचा विचारच केला नव्हता ते सिंथेटिक डेटात असतील याची खात्री नसते. त्यावर काढलेला निष्कर्ष मूळ डेटावर पडताळण्याची सोय ठेवा, नाहीतर तो छापू नका असं स्पष्ट लिहा.

डेटा जगासाठी खुला न करताही त्याचा उपयोग होऊ देता येतो का?

हो, आणि बऱ्याच संवेदनशील डेटासाठी मी हाच मार्ग सुचवीन. ब्रिटनच्या सांख्यिकी कार्यालयात आकाराला आलेली ‘पाच सुरक्षितता’ ही चौकट पाच प्रश्न विचारते: काम योग्य आहे का, माणसं प्रशिक्षित आहेत का, जागा सुरक्षित आहे का, डेटा पुरेसा झाकलेला आहे का, आणि बाहेर पडणारे निकाल तपासले जातात का. एका प्रश्नाचं उत्तर भक्कम असेल तर दुसऱ्यात थोडी सूट देता येते. खोली कुलूपबंद असेल तर डेटा कमी झाकून चालतो.

2020 मध्ये कोविडच्या साथीत इंग्लंडमध्ये उभी राहिलेली ओपनसेफली ही व्यवस्था पाहण्यासारखी आहे. तिथे संशोधकाला रुग्णांच्या नोंदी दिसतच नाहीत. तो बनावट डेटावर आपला प्रोग्राम लिहितो. तो प्रोग्राम खऱ्या नोंदी जिथे आहेत तिथे पाठवला जातो, आणि तपासलेले तक्तेच बाहेर येतात. कुणी कोणता प्रोग्राम चालवला हे सगळ्यांना पाहता येतं. कोविडने मृत्यूचा धोका कुणाला जास्त, यावरचा त्यांचा पहिला मोठा अभ्यास 1.7 कोटी प्रौढांच्या नोंदींवर झाला. एवढा तपशीलवार डेटा कितीही झाकला तरी खुला करण्याजोगा झाला नसता.

कायदा पाळला म्हणजे पुरे का?

कायदा ही खालची मर्यादा समजा. अमेरिकेतल्या आरोग्य नोंदींच्या एचआयपीएए नियमांत 18 प्रकारच्या ओळखखुणा काढण्याचा एक मार्ग दिला आहे. तारखांमधलं फक्त वर्ष ठेवता येतं, 90 आणि त्यापुढची वयं एकाच गटात जातात, पिनकोडाचे पहिले तीन अंक तेवढ्या भागाची लोकसंख्या 20,000 पेक्षा जास्त असेल तरच ठेवता येतात. यादी तपासायला सोपी आहे, पण दुसऱ्या कोणत्या याद्या उपलब्ध आहेत हे ती विचारत नाही. युरोपचा डेटा-संरक्षण कायदा, जीडीपीआर, 2018 पासून लागू आहे. तो वेगळा प्रश्न विचारतो: वाजवीपणे वापरली जातील अशा साधनांनी माणूस ओळखता येतो का? येत असेल तर नाव काढलेला डेटाही वैयक्तिकच. मला दुसरा प्रश्न जास्त प्रामाणिक वाटतो, पण त्याचं उत्तर दरवर्षी बदलतं.

काही गडबड झाली तर डेटा मागे घेता येईल ना?

संकेतस्थळावरून काढता येईल, लोकांच्या संगणकांवरून नाही. ऑस्ट्रेलियाच्या आरोग्य खात्याने ऑगस्ट 2016 मध्ये 10 टक्के लोकांच्या, म्हणजे सुमारे 29 लाख जणांच्या, वैद्यकीय बिलांच्या नोंदी खुल्या केल्या. काही नोंदी 1984 पर्यंत मागे जात होत्या. मेलबर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी काही आठवड्यांतच डॉक्टरांचे क्रमांक उघड करता येतात हे दाखवलं, आणि सप्टेंबरमध्ये डेटा काढून घेतला गेला. तोवर तो अनेकांनी उतरवून घेतला होता. 2017च्या अखेरीस त्याच संशोधकांनी दाखवलं, की बाळंतपणं, शस्त्रक्रिया अशा सार्वजनिकरीत्या माहीत असलेल्या घटनांवरून रुग्णही ओळखता येतात.

म्हणून पहिल्या वेळी कमी द्या. वापर आणि धोका पाहून पुढे तपशील वाढवता येतो, दिलेला कमी करता येत नाही.

प्रकाशनाच्या आधीच्या आठवड्यात नेमकं काय करावं?

ओळख पटवण्याचा प्रयत्न स्वतः करून घ्या. ब्रिटनच्या माहिती आयुक्तांच्या कार्यालयाने यासाठी ‘हेतू असलेला घुसखोर’ ही कसोटी सुचवली आहे. हा माणूस हुशार आहे, त्याला इंटरनेट आणि ग्रंथालय वापरता येतं, लोकांकडे चौकशी करता येते, पण त्याला खास तांत्रिक ज्ञान नाही आणि तो चोरी करत नाही. तुमच्या संस्थेतला, पण हा डेटा तयार न केलेला एखादा सहकारी निवडा आणि त्याला फाइल, दोन दिवस आणि बाहेरच्या याद्या शोधायची मोकळीक द्या. संस्थेतल्या ज्यांच्या नोंदी त्यात आहेत अशा दोघा-तिघांची परवानगी घेऊन त्यांच्या नोंदी शोधायला त्या सहकाऱ्याला सांगा.

हिशेबासाठी मोफत साधनं आहेत. एआरएक्स आणि आर या प्रोग्रामिंग भाषेतलं एसडीसीमायक्रो ही के-अनामिकतेसारख्या कसोट्या तपासतात, ओपनडीपी डिफरन्शियल प्रायव्हसीसाठी आहे. किती नोंदी एकमेव आहेत हे तर साध्या स्प्रेडशीटमध्येही मोजता येतं: आडून ओळख देणारे रकाने जोडून एक नवा रकाना करा, तीच जोडणी किती वेळा आली ते मोजा, आणि जिथे 1 आला त्या नोंदी एक एक करून वाचा. हे काम कंटाळवाणं आहे, पण त्यात खरी माणसं दिसू लागतात, आणि कोणता रकाना कमी करायचा याचं उत्तर बहुतेक वेळा तिथेच मिळतं.

डेटासोबत एक पान जोडा: काय काढलं, काय बदललं, किती नोंदी वगळल्या आणि त्या कोणत्या गटातल्या होत्या, कोणत्या प्रश्नांसाठी हा डेटा चालेल आणि कोणत्यांसाठी नाही. ओळख पटवण्याचा प्रयत्न करणार नाही, अशी अट वापराच्या परवान्यात घाला. चूक सापडली तर कळवायला ईमेल पत्ता द्या आणि तो कोण पाहणार हे ठरवा. फेरतपासणीची तारीख आजच नोंदवून ठेवा, कारण वर्षभरात बाहेर नव्या याद्या आलेल्या असतील.